किमान बळ, कमाल मैत्री

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चौकशीचा आणि याचा संबंध नाही. मन शांत राहावं म्हणून. तसं ते शांतच आहे. सकाळपासून सहावा चहा.

घटना एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. मैदान बंद व्हायची वेळ झाली होती. पोरं फुटबॉल खेळत होती. मी म्हटलं, निघा. एकाने विचारलं, का? त्यानंतर किमान बळाचा वापर करण्यात आला. त्याचं कोपर माझ्या काठीला लागलं आणि मोडलं. कोणीतरी मोबाइलवर शूट केलं, तेही चुकीच्या बाजूने.

साहेब म्हणाले, महिनाअखेरीस चौकशी. तोवर भागातल्या पोरांचा तुमच्यावर विश्वास आहे हे दिसलं पाहिजे. नाहीतर जन्मभर कंट्रोल रूममध्ये फोन उचलत बसा. म्हणून नवा 'युवा मैत्री कक्ष'. प्रमुख मीच. निवड अचूक आहे. पोरांना माझ्याबद्दल आदर आहेच. मी चौकात पाऊल टाकलं की चौक रिकामा होतो.

बुधवार, ५ मार्च
कक्षाला जागा मिळाली. लॉकअपच्या शेजारची खोली. पोरांना घरच्यासारखं वाटावं म्हणून कॅरम ठेवला. जप्तीच्या मालातला आहे, सोंगट्या जरा कमी आहेत. दिवसभरात कोणी फिरकलं नाही. शेवटी मी आणि हवालदार खेळलो. तो हरला. गेली आठ वर्षं हरतोय, बिचाऱ्याला खेळ जमतच नाही.

मुलगी क्लासहून उशिरा आली. मी सहज विचारलं, कुठल्या रस्त्याने आलीस, बरोबर कोण होतं, फोन का लागत नव्हता, बॅगेत काय आहे. 'काही नाही, बाबा' म्हणाली आणि खोलीत गेली. परीक्षेचं टेन्शन. बायको म्हणते, तिला काहीतरी सांगायचं असावं, तुम्ही जरा गप्प बसून ऐका. आता मला ऐकायला शिकवा! माझ्यासमोर भलेभले भडाभडा बोलतात.

शनिवार, ८ मार्च
मैत्री कक्षाच्या पहिल्या मेळाव्याचा दिवस. सगळीकडे पोस्टर लावूनही पाच वाजता सगळ्या खुर्च्या रिकाम्या. साहेब सहाला येणार. जीव नुसता खालीवर. हवालदाराला म्हटलं, पोरांना घेऊन ये. त्याने आणली. व्हॅन भरून.

शिस्त वाखाणण्यासारखी. आत येताच, कोणी काही सांगायच्या आधीच, सगळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर आईबापांची ही गर्दी. दोन वकीलसुद्धा आले. पालकांचा प्रतिसाद उत्स्फूर्त म्हणावा लागेल.

भाषण रंगलं. पोलीस तुमचा मित्र आहे, कसलीही अडचण येऊ दे, सगळ्यात आधी मला सांगा, असं म्हटलं. मग म्हटलं, मोकळेपणाने प्रश्न विचारा. एकाने हात वर केला. दोन्ही हात. विचारलं, आम्ही घरी जाऊ का?

साहेब मधूनच उठून गेले. भारावले असावेत.

सोमवार, १० मार्च
साहेब भारावले नव्हते.

त्यांचा आवाज कॅन्टीनपर्यंत गेला म्हणे. कॅन्टीनवाल्याने आपणहून चहा पाठवला. नको होता. एका जागी बसवत नाही. फायली लावल्या, परत काढल्या, पुन्हा लावल्या.

तरी एक गोष्ट चांगली घडतेय. हल्ली संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी तीन-चार पोरं दिसतात. मी खिडकीत आलो की सटकतात. लाजतात. मेळाव्याचा परिणाम. माझ्याशी बोलायचं धाडस गोळा करत असणार.

बुधवार, १२ मार्च
लाजतबिजत नाहीत. आज नीट पाहिलं तर त्यात तो होता. कोपर प्लॅस्टरमध्ये, हात गळ्यात. म्हणजे सूड! माझ्या घरावर पाळत! आणि मी यांच्यासाठी कॅरम मांडून बसलोय.

हवालदाराला बजावलं, उद्यापासून क्लास ते आमचं गेट, एकही टवाळ पोरगा दिसता कामा नये. तो म्हणाला, साहेब, पोरं नुसती चालत येतात आणि जातात. मी म्हटलं, सगळं चालण्यापासूनच सुरू होतं. त्याला अनुभव कमी.

मुलगी जेवताना काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मला फोन आला.

शुक्रवार, १४ मार्च
मोहीम फत्ते. हवालदाराने पोरांना क्लासबाहेरच गाठलं आणि मैत्री कक्षात बसवून ठेवलं. एकालाही फटका नाही. साहेबांच्या कानावर घातलं पाहिजे.

मुलगी धावत घरी आली. एकटीच. धापा टाकत होती, पायात एकच चप्पल. सरळ बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. मी दार ठोठावलं, काय झालं म्हणून विचारलं. मला हळू ठोठावता येत नाही, सवय नाही. तिने नळ आणखी मोठा केला. बायको दाराला टेकून खाली बसली आणि मला हाताने म्हणाली, जा.

परीक्षा फार कठीण करून ठेवल्यात हल्ली.

शनिवार, १५ मार्च
परीक्षा नाही.

क्लासच्या कोपऱ्यावर एक स्कूटरवाला उभा असतो. महिनाभर मुलीच्या मागे येतोय. तिने क्लासमधल्या पोरांना सांगितलं. त्यांनी ठरवलं, हिला रोज गेटपर्यंत सोडायचं. कल्पना प्लॅस्टरवाल्याची. काल पोरं नव्हती. स्कूटरवाल्याने तिचा हात धरला. ती हिसडा देऊन पळाली.

हे सगळं मला बायकोकडून कळलं. काल पोरं का नव्हती, ते तिने मला विचारलं नाही. मीच सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

मुलीसमोर जाऊन बसलो. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तिने टेबलावरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी त्यांनाच पकडलं असतं."

राग आला. नक्की कोणाचा, ते ठरवता येईना. म्हटलं, चल, आत्ता तक्रार लिहू. ती म्हणाली, तक्रार देईन, पण तुमच्या ठाण्यात नाही.

सोमवार, १७ मार्च
तक्रार झाली. पलीकडच्या ठाण्यात. तिथल्या फौजदाराने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. बाक फार अरुंद असतात, हे कधी लक्षात आलं नव्हतं. स्कूटरवाला अजून सापडलेला नाही.

नवा निश्चय. यापुढे तिला मीच घरी आणणार. साधे कपडे, हातात काही नाही. तिने नको म्हटलं, म्हणून जरा अंतर ठेवून, मागून. यात काही चुकण्यासारखं नाही.

संध्याकाळी क्लास सुटला. मुलगी निघाली, बरोबर ती पोरं. मी मागे. माझी पावलं ऐकून त्यांनी वेग वाढवला. मीही वाढवला. तसा प्लॅस्टरवाला मागे सरकला आणि तिच्या नि माझ्या मध्ये येऊन चालू लागला, चांगला हात पुढे धरून.

मुलीने वळून पाहिलं. दिव्याखालीच होतो. मी हात हलवला. तिने मला ओळखलं.

तरी वेग तसाच ठेवला.