सोबत येणाऱ्याचं नाव

आई, काल वापीच्या हॉस्पिटलात जाऊन आले. तू आतड्याच्या कॅन्सरने गेलीस आणि मी तुझी लेक, म्हणून आतडं एकदा तपासून घ्या, असं डॉक्टर कधीचे मागे लागलेत. त्यात माझ्या किडन्या निम्म्यानेच चालतात, म्हणून कुठली तपासणी करायची याचाही विचार करावा लागतो. पाणी मोजून, मीठ मोजून. खारवलेल्या माशांच्या घरात वाढलेली मी आता अळणी आमटी ओरपते. तू पोट धरून हसली असतीस. तलासरीजवळच्या वेवजीच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून डहाणूच्या या दोन खोल्यांत माझ्या जेवणाला हसायलाही कुणी नाही.

डॉक्टरांनी कागदावर तीन चौकोन काढून समजावलं. एमआरआयमध्ये शिरेतून जे औषध सोडतात, ते माझ्या किडनीला शक्यतो नको. सीटी स्कॅन तसलं औषध न टोचताही होतो, आतड्यात हवा भरून बाहेरून फोटो काढतात. पण बारीक गाठ नजरेतून सुटू शकते, आणि काही दिसलंच तर पुढे दुर्बीण आहेच. दुर्बीण आत जाऊन बघते, बारीक गाठ असली तर तिथल्या तिथे काढूनही टाकते. पोट साफ करायचं औषध दोन्हीला लागतं, ते किडनीला चालणारंच देणार. "बेन, तुमच्या आईला होता ने? मग दुर्बीणच बरी," ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. मला बाजारात पाटीमागे उकिडवी बसलेली तू दिसलीस. पापलेटाच्या चकाकीला भुललेल्या गिऱ्हाइकाला तू स्वतःच्याच मालाबद्दल सुनावते आहेस, "वरून बघून काय समजतंय, बाय? कल्ला उचल, आत बघ."

तरी मी म्हटलं, सीटीच करू, किडनीला जपायला हवं. दुर्बिणीने किडनीला काय होणार आहे, असं त्यांनी विचारलं, तर मी समोर ठेवलेले फॉर्म पुन्हा चाळायला लागले. शेवटी त्यांनी दोन्ही फॉर्म देऊन घरी पाठवलं. खरं कारण फॉर्मवर आहे. दुर्बिणीआधी गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून तिथे एक ओळ आहे: सोबत येणाऱ्याचं नाव. त्याशिवाय घेत नाहीत. सीटीच्या फॉर्मवर ती ओळ नाही. किती वर्गांची हजेरी मला अजून तोंडपाठ आहे, पण त्या ओळीवर लिहायला एक नाव सुचेना. शेजारीण चांगली आहे, पण तिला विचारायला जीभ रेटत नाही.

कारण तू एकदा मला विचारलं होतंस. रक्त जायला लागलं तेव्हा वाढवणहून निघून, गाड्या बदलत, तू तलासरीला माझ्या खोलीवर आलीस. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली, हातात पिशवी. अजून दारातच उभी आहेस. "मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय. मूळव्याध नाय म्हणतात. येशील काय माझ्याबरोबर? मला ते कागद वाचता येत नाय." मी म्हटलं, आज शाळेत परीक्षा आहे. तू लगेच मानलंस. "हां, पोरांची परीक्षा कशी सोडशील," म्हणालीस, पिशवीतला सुक्या बोंबलांचा पुडा माझ्या हातात दिलास आणि हॉस्पिटलात न जाता परतीच्या एसटीने घरी गेलीस. पुढे मी तुला नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

दोन्ही फॉर्म टेबलावर आहेत. उद्या सकाळी शेजारणीला विचारीन. ती नाही म्हणाली तर, तू माझं मानलंस तसं, तिचं कारण खरं मानीन. हे पत्र टाकायचं तरी कुठे, भांड्यांच्या कपाटात वर्तमानपत्राखाली सरकवते.

आई, त्या दिवशी परीक्षा नव्हती. हॉस्पिटलात चारचौघांत तुझ्या पिशवीचा वास येईल, याची मला लाज वाटली होती.