गुरुवारची शिंक

६ फेब्रुवारी, गुरुवार
शिंकले! एकदा नाही, सलग, श्वास घ्यायलाही उसंत नाही. संध्याकाळी, घरात, खिडक्या बंद असताना. विश्वासच बसत नाही. या एका नाकासाठी घर विकलं, गाव सोडलं, डोंगरावरच्या या कोरड्या शहरात भाड्याने येऊन राहिलो. इतके महिने नाक असं मोकळं होतं की ते आहे हेच विसरले होते.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "धूळ असेल गं, माशी."
धूळ म्हणे.

७ फेब्रुवारी
सकाळी नाक साफ. स्टुडिओत अख्खं प्रकरण न थांबता वाचलं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची हेच माझं पोट, आणि बंद नाकाने पोट चालत नाही. जुन्या गावचा साउंडवाला म्हणायचा, "बाई, तुमची नायिका शेवटी सर्दीनेच जाणार." दर वसंतात माझी पुस्तकं दुसऱ्या कुणाला तरी मिळायची.
घरात मी माशी कशी झाले? बाबा होते तेव्हाची गोष्ट. काहीही अडलं की ते म्हणायचे, "कुठे माशी शिंकली?" आणि सगळे माझ्याकडे बघायचे. बाबा गेले, नाव राहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पुन्हा! जेवताना. डोळे टोमॅटोसारखे. आईने आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. का, ते विचारायचंही त्राण नव्हतं.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासणी केली. मला वाटलं, इथलं नवीन काहीतरी बाधलं असणार. होतं तसं, त्या म्हणाल्या, जागा बदलली की काही वर्षं बरी जातात, मग नव्या जागेचे पराग छळायला लागतात. पण माझ्या हातावर गांधी उठली ती जुन्याच परागांच्या टोचणीवर. सुरूच्या!
"इथे सुरूचं झाड कुठे आहे?" मी विचारलं.
"माझ्या माहितीत तरी नाही. कुणीतरी घरी घेऊन येतंय. कपड्यांवरून येतात पराग, केसांतून येतात."
घरी आम्ही दोघीच.
सुरूचं नाव काढलं की मला तो झाडवाला आठवतो. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे त्याची रोपवाटिका, आणि कुंपणाला लागून सुरूची रांग. ती तोडा म्हणून मी त्याच्याशी किती वर्षं भांडले! "झाडं माझी, नाक तुमचं," हे त्याचं उत्तर. तेव्हा आई मध्ये पडायची नाही, कपडे वाळत घालत राहायची. शेवटी घर विकायचा विषय तिनेच काढला. "माझं काय अडलंय इथे?" म्हणाली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आई तिच्या गुरुवारच्या शिवणाच्या क्लासहून आली. दमले होते, नेहमीसारखं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि फटाके सुरू झाले. तिच्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत पिवळी भुकटी. हळदीची नाही.
"क्लासच्या मागे बाग आहे त्यांची," ती म्हणाली. वर बघितलंच नाही.

२१ फेब्रुवारी
क्लासच्या बाईंना फोन केला. त्या गोंधळल्या. "तुमच्या आई? त्या तर पहिल्या आठवड्यानंतर आल्याच नाहीत."
माझी आई खोटं बोलते? बस कंडक्टरने जास्तीचे सुटे दिले तर परत करायला धावणारी माझी आई?
मग उलगडलं. सुरू आहेत ते गावाकडे. दर गुरुवारी ती गावी जाते. घर आठवतं तिला. परक्या झालेल्या फाटकाशी उभी राहत असेल, घर विकलं ते माझ्यासाठी. दिवसभर जीव तुटत राहिला. ठरवलं, पुढच्या गुरुवारी स्टँडवर जायचं आणि तिला जवळ घ्यायचं, शिंका आल्या तर आल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
कसं लिहू?
गावची बस लागली. आई उतरली. तिच्यामागून तिची पिशवी घेऊन उतरला तो झाडवाला. पांढरे केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. आई हसत होती. असं हसताना तिला मी बाबांनंतर पाहिलंच नाही. त्याने तिच्या स्वेटरची कॉलर सरळ केली, तिने करू दिली!
मी खांबाआड. पळून जावं की पुढे व्हावं कळेना. तेवढ्यात गर्दी पुढे सरकली, ती दोघं माझ्या अगदी जवळून गेली आणि मला शिंक आली.
माझी शिंक आई हजारांत ओळखते. तिथल्या तिथे थांबली. त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि मागे न बघता रिक्षांकडे चालू लागली. तो मला बघून नुसती मान हलवून परतीच्या बसमध्ये चढला. मला राग आला होता. कशाचा, ते अजून कळत नाही.

२८ फेब्रुवारी
कुकर तिने लावला, उतरवला मी. दिवसभरात एवढंच संभाषण.

२ मार्च
आई बाल्कनीत स्वेटर झटकत होती, माझ्यापासून लांब, दार ओढून घेऊन. मी दार उघडलं. विचारलं, कधीपासून?
"घर विकायच्या आधीपासून."
"लग्नाचं?"
"विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हणणार होते."
"मग म्हणाली का नाहीस?"
ती स्वेटरची घडी घालत राहिली. थट्टा करत नव्हती, टोमणाही नव्हता. झालं ते सांगत होती.
"सगळं ठरत आलं होतं गं. तेवढ्यात माशी शिंकली."