रस्त्याकडच्या खिडक्या

प्रिय अपेक्षा,

इंद्रजीतने लिहायला लावलं म्हणून हे पत्र. फोन केला की तुझे वडील शेजारी बसून ऐकतात आणि तू नुसती हो-हो करतेस. म्हणून त्याने ठरवलं, आईने लिहावं. सासूचा शब्द तू मोडत नाहीस. वास्तुशांतीची तारीख निघाली आहे, पूजेला नवराबायकोने जोडीने बसावं लागतं, आणि तू सोयगावला माहेरी. पाहुण्यांना काय सांगायचं, ही त्याची अडचण आहे.

आधी घराची हकिकत. बाहेरचा गिलावा झाला. बीड बायपासवरून आत वळलं की आपलंच घर आधी नजरेत भरतं. रस्त्याकडच्या खिडक्या तेवढ्या राहिल्या आहेत. तू निवडलेल्या मला पसंत होत्या: सागवानी चौकट, वर अर्धगोल कमान, कमानीत रंगीत काचा, खाली बसायला रुंद कट्टा. मी तेव्हा कुरकुरले होते, एवढ्या काचा पुसणार कोण. तू वाद घातला नाहीस. पतंगाचे कागद आणून वरच्या उघड्या भगदाडाला चिकटवलेस आणि भर दुपारी मला वर बोलावलंस. सिमेंटच्या जमिनीवर लाल-पिवळा उजेड पसरला होता. खिडकी अशी निवडतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंद्रजीतसुद्धा खूश होता. सुताराला मापं दिली ती त्यानेच.

आता तो म्हणतो, कमानी जुन्या झाल्या. त्याला आरशाच्या निळ्या काचा हव्यात, जमिनीपासून छतापर्यंत, न उघडणाऱ्या. शेंद्र्याला त्याच्या साहेबाच्या बंगल्याला तशा आहेत म्हणे. काचवाला मोहियोद्दीन नमुने घेऊन आला होता. मोठा बोलका माणूस. म्हणाला, बाहेरवाल्याला स्वतःचंच तोंड दिसतं बाई, आतलं काय बी नाय. वारा कुठून येणार, असं मी विचारलं तर इंद्रजीत म्हणाला, आई, एसी कशाला घेतलाय? शिवाय काच दुहेरी; रस्त्यावर डीजे वाजला तरी आत पत्ता लागायचा नाही. मी विचारलं, आणि आतला आवाज? त्यावर मोहियोद्दीनच बोलला, दिल खोलून भांडा बाई, शेजाऱ्याला खबर नाय! त्याने बिचाऱ्याने गंमत केली. इंद्रजीत मोठ्याने हसला. मी नमुना खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी बोललो नाही. तू जिन्यावरून पडल्याचं तुझ्या वडिलांना सांगितलंस, तेही कानावर आलं. आता मी स्वच्छ लिहिते. मी अंगणात पाइप धरून नव्या भिंतीला पाणी मारत होते. वर चौकटी बसलेल्या नव्हत्या, दिवा लागलेला होता. खिडक्यांवरूनच तुमचं चाललं होतं. तू म्हणालीस, घरात मी राहणार आहे, तुमचे साहेब नाहीत. त्याने तुझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. मी ओरडले. समोरच्या घरातली बिल्किस तिच्या फाटकात उभी होती, तिनेही पाहिलं. इंद्रजीत भगदाडाशी आला. तू तिथेच कोसळली होतीस, पण तो तुझ्याकडे वळला नाही. आधी त्याने रस्ता न्याहाळला, कोणी पाहिलं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुताराला नको म्हणून कळवलं. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. एवढं जुळवायला तेही लागत नाही. दुपारी बिल्किस आली. नेहमीची हसरी बाई, पण चहाला हात लावला नाही. म्हणाली, भाभी, चौकटी नव्हत्या म्हणून दिसलं. ती काच लागल्यावर आत पोरगी मेली तरी आम्हाला कळायचं नाय. मला राग आला. तिचा नाही.

आता इंद्रजीतने सांगितलेला मजकूर लिहिते, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. तो बदलला आहे. तुझ्यावाचून घर खायला उठतं. खिडक्या तू म्हणशील तशा बसवू. यातलं शेवटचं खोटं आहे. निळ्या काचांची ऑर्डर त्याने माझ्यासमोर दिली, मोहियोद्दीन मापं घेऊन गेला. एवढ्या एका गोष्टीत खोटं बोलणाऱ्याच्या बाकीच्या दोन मी का मानू? तेव्हा माझं ऐक. येऊ नकोस. पूजेला नको, पूजेनंतर नको, वडिलांनी समजावून गाडीत बसवलं तरी नको. त्यांना हे पत्र वाचायला दे. बाप आहेत, वाचू देत. तुझा भाऊ बद्रीनाथ आमंत्रणाच्या याद्या न्यायला आला आहे, त्याच्याकडेच हे देते. तो निघाला की मी इंद्रजीतला समोर बसवून काय लिहिलं ते सांगणार आहे. माझी काळजी करू नकोस. मी त्याची आई आहे, मला त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचं आहे.

तुझीच,
आई (शकुंतला)

बद्रीनाथच्या हाती दिले: तुझ्या माहेरचे दागिने, डब्यासकट. पदवीची मूळ प्रमाणपत्रे. आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक. कपड्यांची बॅग. मी जे पाहिलं ते लिहिलेला माझ्या सहीचा कागद, खाली बिल्किसची सही. नव्या घराची किल्ली दिलेली नाही.