गोचिडांची यादी

३ मार्च
तिसऱ्या पानावर! ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं नेटवर शोधलं की गेली सहा वर्षं आमचं दुकान पहिल्या पानावर, वरून दुसरं. आज तिसऱ्या पानावर, तेही तळाला. कोण जातं तिसऱ्या पानावर? मी तरी कधी गेले नाही. जुन्या मशीनचे सुटे भाग बाहेरगावी पाठवतो त्यावरच दुकान चालतं, आणि ती गिऱ्हाइकं सगळी साइटवरून येतात. आज दिवसभरात एक फोन. तोही राँग नंबर.

४ मार्च
साइट सांभाळणारी चष्मेवाली म्हणाली, दोन हजारांवर फालतू साइट्सनी तुम्हाला लिंक दिलीय. जुगाराच्या, नको त्या औषधांच्या, बघवत नाही अशा. वाईट संगत लागली की सर्च इंजिन आपल्यालाही त्यातलंच धरतं. कुणी मुद्दाम करतं, असंही असतं म्हणे.

कुणी! दिराशिवाय दुसरं कोण? भांडून वेगळा झाला, चौकापलीकडे नव्या मशीनचं दुकान टाकलं. घरात कॉम्प्युटर कळायचा तो त्या एकट्यालाच.

५ मार्च
काम असं — खराब साइट्सची यादी करायची, एका ओळीत एक, आणि सर्च इंजिनला कळवायचं की यांच्या लिंका आमच्या धरू नका. मी त्यांना गोचिडं म्हणते. चष्मेवालीने दोनदा बजावलंय: प्रत्येक साइट उघडून बघा, मगच यादीत टाका. चांगली लिंक गेली तर आहे तेही घालवून बसाल.

आज तीनशे झाली. डोळ्यांचा पार भुगा. यांना विचारलं, तुमच्या भावाचंच काम ना हे? हे मशीनची बॉबिन-केस पुसत होते, मान वर केली नाही. भावाचं नाव काढलं की यांच्या तोंडाला कुलूप.

७ मार्च
सापडला! गोचिडांत दिराच्या दुकानाची साइट. तिथूनही आमच्याकडे लिंक! चोर तो चोर, वर शिरजोर. उघडून बघायची गरजच नव्हती. त्याच्या दुकानाकडे ढुंकूनही बघणार नाही असं चार वर्षांपूर्वी म्हटलंय, मग साइट तरी का बघू? टाकला यादीत. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

९ मार्च
यादी पाठवली. आता वाट बघायची.

१९ मार्च
चौकात दीर दिसला. थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी रस्ता ओलांडून पलीकडे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

२ एप्रिल
पाचवं पान. आठवड्यात एक पार्सल. असंच चाललं तर मेअखेर शटर खाली, असं मी म्हणाले आणि हे मटकन स्टुलावर बसले. मग हळूहळू बाहेर आलं. लिंका यांनीच विकत घेतल्या होत्या! फोनवर कुणी गोड बोललं — दोन हजार लिंका, आठवड्यात पहिला नंबर. आपला दुसरा होता ना, तुला खूश करावं म्हटलं.

“महिनाभर मी त्याला शिव्या घालतेय आणि तुम्ही ऐकत बसलात?”

“तो लांब होता गं. त्याला ऐकू जात नव्हत्या.”

मी तिथूनच चष्मेवालीला फोन लावला, यादी पुन्हा तपासायला सांगितली.

५ एप्रिल
चष्मेवालीने यादी ओळीओळीने तपासली. एका ओळीवर बोट ठेवलं. गोचिडं गेली, पण तुमच्याच धंद्यातली, वजनाची अशी लिंक एकच होती, ती तुम्ही कापलीत. उघडून बघितली होती ना?

बघितली होती, मी म्हणाले. धडधडीत खोटं.

६ एप्रिल
उघडली. पहिल्याच पानावर, त्याच्या नव्या मशीनच्या फोटोंच्याही वर, ठळक अक्षरात: ‘जुनी मशीन असेल तर माझ्याकडे आणू नका. माझ्या वहिनींकडे न्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं.’ आणि आमच्या साइटची लिंक.

खाली तारीख आहे. आम्ही वेगळे झालो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.