एक दात पुढं

मामा, सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं न्हाई हा तुमच्याच घरचा कायदा होता, म्हणून आता लिहिते. अक्षर चौथी नापासाचं हाय, चालवून घ्या. तुमची ती लाल गाडी माझ्या लेकानं, तुमच्या नातवानं, दिवाळीपासून खोललीय. परभणीच्या वकिलानं टाकून दिलेली, टप नसलेली, दोन माणसांची. घरात खाणारी नऊ तोंडं अन् तुमी आणली दोघांची गाडी! इतकी वर्षं ती गोठ्यात ताडपत्रीखाली सुखानं बसलीय अन् माझ्या शेळ्या बाहेर भिजायल्यात. लेकानं जाम झालेले पिस्टन डिझेल ओतून सोडवले. म्हणला, या बारीला चालू झाली तर ठेवू, न्हाईतर भंगारात. मी म्हणले, टेम्पो आत्ताच बोलव.

टायमिंग लावायचा तो दिवस तुमाला आठवत नसंल. मला आठवतो, कारण चुलीवर डाळ होती. तुमी इंजिनात डोकं घालून वरचं दातेरी चाक धरलेलं, वाल उघडझाक करणाऱ्या कॅमचं. खालचं चाक सावकाश फिरवायला माणूस पायजे होतं. तुमची पोरं हिसका द्यायची. तवा तुमी भिंतीकडं बघून म्हणलात, जात्यावर जिचा हात बरा चालतो तिला बोलवा. ती म्हणजे मी. चाकाची खाच खुणेसमोर आली की थांबायचं, मग तुमी वर चैन चढवणार. मी फिरवते. खाच येते, अन् हात जरासा पुढं जातो. उलटं फिरवायचं न्हाई, चैन ढिली पडते, पुन्हा अख्खा फेरा घ्यायचा, हे तुमी पोरांना सांगताना मी ऐकलेलं. तुमी आतूनच विचारता, "आलं का?" सासूबाई असत्या तर त्यांच्या कानात सांगितलं असतं, पण त्या डाळ बघायला गेलेल्या. मी मान हलवते, न्हाई म्हणून. तुमचं तोंड इंजिनात. बाई गप्प म्हणजे हो, असं धरून तुमी चैन चढवली. एक दात पुढं.

मग ताडकळसचा बाजार. भर बाजारात गाडी फाटफाट करून बंद पडली, शेळ्या दावी तोडून पळाल्या अन् तुमी बैलजोडीनं ओढलेल्या त्याच गाडीत बसून घरी आलात. लोक तुमाला फटाका मिस्त्री म्हणायला लागले. तुमी पेट्रोलला बोल लावला, कार्बोरेटरला लावला, वकिलाच्या नजरेलाही सोडलं न्हाई. मी सासूबाईंकडून सांगावा धाडला की खाच पुढं गेली होती. तुमचं उत्तर आलं, "तिला म्हणावं, भाकरी बघ." बघितल्या, मामा. तुमी जाईस्तवर बघितल्या, नंतरही बघितल्या.

काल लेकानं झाकण काढलं अन् हसला. म्हणला, आजोबाला टायमिंग कळतच नव्हतं, एक दात चुकवला. मी म्हणले, "कळत होतं. विचारायचं कुणाला, ते कळत नव्हतं." मग त्यानं इंजिनात डोकं घातलं, अन् खाली पाना धरून फिरवायला त्याची सून. डोक्यावर पदर न्हाई, पदरच न्हाई, पंजाबी ड्रेस. त्यानं विचारलं, आलं का? ती म्हणली, "न्हाई पप्पा, पुढं गेलं. तुमी बडबड करायलाव म्हणून गेलं. थांबा, पुन्हा फिरवते." अन् तो थांबला. कपाळाला आठीसुद्धा न्हाई. एवढंच होतं हो, मामा. एवढ्यासाठी तुमी जन्मभर फटाका मिस्त्री राहिलात.

गाडी चालू झाली. गोठा गेला, शेळ्या बाहेरच. तुमच्याकडं डाक जात न्हाई, तवा हा कागद पिठाच्या डब्याखाली जाईल. एक सांगते, कुणाजवळ बोलू नका. इंजिन लागलं तसं बसल्या जागी माझा हात पदराकडं गेला अन् मी तो डोक्यावर घेतला. या वयात. लय राग आला स्वतःचा. पण इंजिन बंद होईस्तवर काही तो खाली घेतला न्हाई.