एकशे साठ ग्रॅम पाणी

सर, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

निजामाच्या राजवटीत तुम्ही स्वतः उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले, पण आम्हाला मराठीत शिकवताना फळा सोडून तराजूपाशी उभे राहायचात. वीस टक्क्यांचं द्रावण म्हटलं की निम्मा वर्ग शंभर ग्रॅम पाण्यात वीस ग्रॅम मीठ टाकून मोकळा व्हायचा. तुम्ही ओरडायचात, "अरे, मिठाला वजन नाय का? सगळं मिळून शंभर झालं पाहिजे. वीस मीठ, ऐंशी पाणी!" माझ्या तर ते हाडीमासी खिळलं.

मग शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून आलेला परीक्षक म्हणजे आपल्या कॉलेजचा जावई. सकाळपासून त्याच्या चहाची, दुपारच्या नानखलियाच्या जेवणाची धावपळ. त्यानं मला दोनशे ग्रॅम द्रावण करायला सांगितलं, वजनानं वीस टक्के. मी चाळीस ग्रॅम मीठ घेतलं, एकशे साठ ग्रॅम पाणी घेतलं. तो म्हणतो, "पाणी दोनशे घे." मी म्हणते, "मग वीस टक्के कुठं राहतील, सर? सतराच्या आत येतील." त्याचा चेहरा लाल होतो. तेवढ्यात तुम्ही येता, माझा बीकर बघता, वही बघता. मला वाटतं, सुटले. आणि तुम्ही म्हणता, "माफी माग त्यांची."

मागितली. सगळ्या बॅचसमोर. नंतर जिन्यात तुम्ही मला गाठलंत. "तुझं बरोबरच व्हतं गं. पण तो रुसला असता तर सगळ्यांचे मार्क कापले असते. एकीपायी पंधरा जणांना बुडवू का?" वा रे न्याय! बुडवायला मीच बरी सापडले. दुपारी त्याच्या पानात वाढताना तरी तुम्हाला दोन शब्द बोलता आले असते. तुम्ही बोलला नाहीत. माफी मागूनही त्यानं माझे मार्क कापलेच; माझा पहिला वर्ग चार मार्कांनी हुकला आणि एम.एस्सी. कायमची राहिली.

कारण माझे वडील लासूरच्या मोंढ्यात मापाडी होते, दिवसभर धान्याची पोती तोलायचे, आणि पहिला वर्ग आला तरच पुढं शिकवीन, असा त्यांचा शब्द होता. निकालाच्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशात गेले मार्क?" खरं सांगितलं असतं तर पुढच्याच गाडीनं कॉलेजात येऊन त्यांनी तुम्हाला चारचौघांत सुनावलं असतं. मी म्हटलं, "वजन करताना चुकले."

"मापाड्याची पोरगी अन् वजनात चुकली?" एवढंच बोलून ते उठून गेले.

घरात आजही सगळ्यांना तेच ठाऊक आहे. हा कागद टपालात टाकण्यासारखा नाहीच, पण निदान मुलांना दाखवावा म्हणून लिहायला बसले होते. आता नाही दाखवणार. तुम्हाला कुणी नावं ठेवलेली मला अजूनही सहन होत नाहीत, आणि खरा संताप मला त्याचाच येतो.