प्रोबेशनवरचा घरजावई

पोशेरा (गावात नव्हे, गावामागच्या पाड्यावर)
भाताची आवणी उरकली त्या आठवड्यातला रविवार

ती. नवसूमामा यांना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (लांबूनच ठेवतो, मागच्या वेळी जवळून ठेवलं तेव्हा तुम्ही पाय उचललात, तो आशीर्वादासाठी नव्हता). प्रमिलामामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? जव्हारचा तो डॉक्टर अजून गुळाचा चहा चालतो म्हणतो का? माझी तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की तीच माझ्या मुळावर आली, ते पुढे कळेलच. फोन करत नाही म्हणून रागावू नका. पाड्यावर रेंज येते ती फक्त खळ्यामागच्या मोहाच्या झाडाखाली, आणि तिथून लावला तरी तुम्ही माझं ‘हॅलो’ पुरं होऊ देत नाही. पत्र मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र. (फाडता येतं. पण तुम्ही गुरुजी, लिहिलेलं काहीही शेवटपर्यंत वाचता, लाल पेन घेऊन का होईना.)

भाचा नाशिकला कर्मचारी व्यवस्थापन आणि औद्योगिक संबंध शिकतोय, मोठ्या कंपनीत मॅनेजर होणार, हे तुम्ही जव्हारपासून साखरशेतपर्यंत सांगितलंत. मग दुसऱ्या वर्षाच्या मध्यात मी कॉलेज सोडलं. का सोडलं ते तुम्ही माझ्या बाबांकडून ऐकलंत आणि बाबांनी तुमच्याकडून ऐकलं, म्हणजे खरं कुणालाच माहीत नाही. तर सरांनी एकदा वर्गात वाटाघाटींचा सराव ठेवला. अर्धा वर्ग कामगार, अर्धा वर्ग मालक. माझा आवाज मोठा म्हणून मी युनियनचा पुढारी, आणि समोर व्यवस्थापनाच्या खुर्चीत योगिता. (ही आपल्या मोखाड्याकडची, पोशेऱ्याची. बाकीचा वर्ग नागलीला बाजरी समजणारा. डोंगरातले आम्ही दोघंच. मग दुसरं काय होणार होतं?) ती हळू आवाजात म्हणाली, “बोनसचा आग्रह सोडता का?” मी सोडला. ती म्हणाली, “पाळी थोडी वाढवू या?” मी वाढवली. तास संपला तेव्हा माझ्या युनियनने बोनस, चहाची सुट्टी आणि बसायची बाकडी एवढं गमावलं होतं आणि वर मालकांच्या अभिनंदनाचा ठराव केला होता. दुसऱ्या दिवशी तुषार नावाच्या पोराने, जो माझाच सहपुढारी होता, फळ्यावर लिहिलं, ‘कमलेश : व्यवस्थापनाचा जावई’. शब्द मला खरं तर आवडला होता, मामा. पण सगळा वर्ग हसला, योगिता हसली नाही, आणि माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. तुषारचा पुढचा दात गेला. (तो आधीपासून हलत होता, असं मी चौकशीत सांगितलं. आपला एकही साक्षीदार आला नाही.) मला निलंबित करून ‘कारणे दाखवा’ नोटीस दिली. कारणं दाखवायला गेलो, तिथे सर म्हणाले, तुमच्या भागातल्या मुलांना संयम कमी. यावर मी संयमाने त्यांचं टेबल उलटं केलं. तुम्ही काय काढता, मीच काढतो म्हणून स्वतःचं नाव स्वतः काढून बाहेर पडलो.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली, ती पुढे लागेल. अपघात भरपाईच्या तासाला योगिता मधेच उठून बाहेर गेली होती. मला वाटलं, इशारा. मी पाठोपाठ. ती नळावर तोंड धूत होती. मी तिथेच, नळ चालू असताना, मनातलं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “कमलेश, आत्ता नको.” त्यातलं ‘नको’ मी ऐकलं नाही. ‘आत्ता’ तेवढं ऐकलं.

म्हणून कॉलेजातून निघालो तो घरी साखरशेतला न जाता थेट इथे. योगिताचे वडील बुधाबाबा अंगणात बांबू चिरत बसले होते. मी म्हणालो, मला तुमची योगिता पाहिजे. त्यांनी मला बैल बघतात तसं खुरापासून शिंगापर्यंत बघितलं. “देज देशील?” म्हणाले. मी म्हणालो, माझ्याकडं द्यायला काहीच नाही. “मंग हात दे. राब. बघू.” आता आपल्याकडे मुलीचं देज, म्हणजे तिच्या बापाला द्यायचं मोल, द्यायला नसेल तर पोराने सासऱ्याच्या घरी राबायचं, ही चाल तुमच्या-माझ्या आजोबांच्या वेळची. तुम्ही शाळेत तिच्याविरुद्ध भाषणं करता. पण मला त्या क्षणी ती सरळ भरती वाटली. जाहिरात नाही, मुलाखत नाही, विळा हातात.

सेवाशर्ती ऐका, म्हणजे भाच्याची पत कळेल. नियुक्तिपत्र नाही. हुद्दा नाही, पाड्यावर मला कुणी जावई म्हणत नाही, ‘बुध्याकडचा पोऱ्या’ म्हणतात. बैल दमला की त्याला सोडतात, मला “अजून हायेस ना रं?” एवढं विचारतात. लग्नाची तारीख विचारली की बुधाबाबा आधी म्हणायचे, रोपांसाठी राब भाजून होऊ दे. राब भाजले. मग म्हणाले, पेर होऊ दे. मग, चिखल होऊ दे. प्रत्येक टप्प्यावर प्रोबेशन वाढवलं आणि लेखी काहीही नाही. याला आमच्या पुस्तकात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. पोशेऱ्यात याला पावसाळा म्हणतात. जव्हारजवळच्या शिरपामाळावर स्वारीवर निघालेले महाराज थांबले आणि पुढे गेले, त्याची लोक अजून आठवण काढतात. मी इथे थांबलो तो थांबलोच, माझी आठवण साखरशेतलासुद्धा कुणी काढत नाही.

आणि योगिता? ती परीक्षा देऊन येईल म्हणून मी ओटा सारवून ठेवला होता (होय, मी). ती परीक्षेवरून परस्पर सिन्नरकडे एका कारखान्यात ट्रेनिंगला गेली. आठवड्याला फोन येतो, तो मोहाखाली उभं राहून मी धरतो. बोलते तिची आई, रामीआय. शेवटी माझी पाळी. “बरा आहेस?” “बरा.” “बाबांना गोळ्या घ्यायला सांग.” एवढा माझा प्रेमाचा संसार. पण रामीआय मात्र मला जावयासारखं वागवायची, यात खोटं नाही. आल्या दिवशीच तिने मला चुलीजवळची झोपायची जागा दिली, कडेला पोचा आलेली थाळी दिली, आणि धुतलेला निळा शर्ट दिला. शर्ट अंगात बरोबर बसला. मी म्हटलं, बघा, कंपनीने युनिफॉर्म तरी दिला.

आवणीच्या ऐन मध्यावर माझं डोकं फिरलं. बुधाबाबा म्हणाले, नागली होऊ दे. मी त्याच रात्री मागणीपत्र लिहून ओट्याच्या खांबाला लावलं (सकाळी रामीआयने त्याच्यावर चूल पेटवली) आणि बेमुदत संप पुकारून घोंगडी डोक्यावरून घेऊन पडलो. भाताची रोपं उपटून मुठी बांधून पडलेल्या, खाचर तयार, रामीआय आधीच शेतावर गेलेली. संपाला याहून चांगला मुहूर्त नसतो, हे मी शिकलेला माणूस आहे. बुधाबाबा आले. “काहाला उठला नाय?” मी घोंगडीतून म्हणालो, “संप.” “काय?” “संप!” त्यांना कमी ऐकू येतं. ते बाहेर गेले आणि खाचराकडे तोंड करून ओरडले, “अगं, कमलेश संप बोलतंय!”

वारा होता, पाऊस होता. रामीआयला ऐकू गेलं, कमलेश संपला.

मामा, मी घोंगडीत होतो, मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. चिखलातून माणूस पळतो तेव्हा कसा आवाज येतो, तो. मग ती माझ्या अंगावर पडली. घोंगडी ओढली, माझं तोंड चिखलाच्या हातांनी चाचपलं आणि म्हणत राहिली, “लक्ष्या, लक्ष्या रं.” मी म्हणालो, आय, मी कमलेश, मी जिवंत आहे, माझ्या मागण्या आहेत. तिला ऐकूच येत नव्हतं. बुधाबाबा दारात उभे राहिले आणि भिंतीकडे बघत मला जे सांगितलं ते पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, नुसत्या मला नव्हतं. लक्ष्या त्यांचा मोठा मुलगा. ठाण्याकडे बांधकामावर गेला होता, आईला न सांगता, कारण सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं. स्लॅबवरून पडला. फोन आला तो मोहाखाली रामीआयने घेतला, त्यात एवढंच, “तुमचा लक्ष्या संपला.” ठेकेदाराने टेम्पोतून आणून फाट्यावर उतरवला. बुधाबाबा विचारायला गेले तेव्हा ठेकेदार म्हणाला, “हमारा लेबर नहीं था, मिलने आया था।” बुधाबाबांना तेवढंच हिंदी येतं. पण ते अगदी त्याच्याच आवाजात येतं.

तेव्हा मला कळलं की शर्ट का बसला. संप मागे घेतला. कुणी फोडला नाही, वाटाघाटी झाल्या नाहीत, उठलो आणि खाचरात उतरलो. रामीआय माझ्या शेजारी वाकून रोपं लावत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती, मी आहे ना म्हणून.

पण मामा, याचा अर्थ मी मागणी सोडली असा नाही! मयताची जागा भरली तर भरली, भरलेल्या माणसाला कायम करायला नको? म्हणून तुम्हाला विनंती, की तुम्ही समेट अधिकारी म्हणून इथे यावं. शाळेच्या गॅदरिंगचा कोट घालून या, बुधाबाबा कोटाला मानतात. दोन्ही पक्षांना ओट्यावर समोरासमोर बसवा आणि तारीख काढून घ्या. येताना मामींच्या हातची सुकटीची चटणी आणावी. मोठ्यांना नमस्कार, लहानांना धाक.

आपला (अद्याप कायम न झालेला) भाचा,
कमलेश

ता.क. पत्र अजून माझ्याच खिशात आहे. फाट्यापलीकडे मोखाड्याच्या वाटेवरच्या ओहोळाला पाणी चढलं, जाता आलं नाही. तेवढ्यात काल योगिता नाशिककडून येऊन गेली. मी अंगणात होतो, निळ्या शर्टात. तिने बघितलं आणि पिशवी हातातच ठेवून उभी राहिली. मी तिला फाट्यावर सोडायला गेलो आणि वाटेत तारखेचं काढलं. ती म्हणाली, “कमलेश, तू माझ्या बापाला विचारलंस. बापाने तुझे हात बघितले. मला कुणी विचारलं?” मी म्हणालो, नळावर विचारलं होतं. ती म्हणाली, “नळावर मी भावासाठी रडत होते रे, वेड्या.” नंतर म्हणाली, “त्रिपक्षीय वाटाघाटी म्हणून एवढा धडा होता. तिसऱ्या पक्षाला बोलवायचं असतं.” तिला लग्न करायचं नाही. माझ्याशी नाही, आणि आत्ता कुणाशीच नाही. कारखान्यात तिला ठेकेदाराच्या माणसांची हजेरी बघायला दिली आहे. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती स्वतः विचारते, आणि हे काम ती सोडणार नाही. मी चिडलो नाही, मामा. म्हणजे चिडलो, फाट्यावरच्या मैलाच्या दगडाला लाथ मारली, अंगठा सुजला आहे. एसटीत चढताना ती म्हणाली, “तू मोकळा आहेस, आजच जा. फक्त आईला सांगून जा. लक्ष्या न सांगता गेला.”

तेव्हा तुम्ही कोट घालून येऊ नका.

ता.क. २. लग्न होणार नाही, मी जाणार, हे रामीआयला सांगायला तीनदा चुलीपाशी गेलो. तिन्ही वेळा तिने थाळीत भाकर वाढली. भाकर खाऊन झाल्यावर तसलं बोलता येत नाही, आणि खाताना तर नाहीच. बुधाबाबांनाही मी काही बोललो नाही. आज त्यांनी आपणहून विषय काढला, म्हणाले, “नागली निघाली का करू तारीख.” मी म्हणालो, सावकाश होऊ दे, बाबा. पहिल्यांदाच असं झालं असावं की मालक घाई करतोय आणि कामगार मुदत मागतोय.

आता खरं काम. तुमच्या माळ्यावर माझी पत्र्याची पेटी आहे. मामींना सांगा, भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात अपघात भरपाईचं पुस्तक आहे, ते कुणाबरोबर तरी पाठवा. ठेकेदाराने ‘माझा माणूस नव्हता’ म्हटलं म्हणजे मूळ मालक सुटतो का, असं काहीतरी त्यात होतं एवढं आठवतं. मुदत गेली असेल कदाचित. पण मला ते पाठ नाही, कारण त्या तासाला आम्ही दोघंही नळावर होतो. आणि साखरशेतला बाबांना एवढंच सांगा की कमलेश कापणीपर्यंत येत नाही. का, ते सांगू नका. लग्न ठरलं असेल असं त्यांना वाटलं तर वाटू दे.

ता.क. ३. ओहोळ उतरला, उद्या पत्र टाकतो. आज दुपारी, काही झालं तरी रामीआयला सांगायचंच, असं ठरवून खाचरावर गेलो होतो. ती बांधावर गवत काढत होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालच्या शेतातून बुधाबाबांनी हाक मारली, “लक्ष्या, पाणी सोड रं इकडं!” रामीआयचा विळा थांबला. हाक चुकली हे बुधाबाबांनाही कळलं असावं, कारण ते तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागले.

मी ओ दिली आणि बांध फोडून पाणी सोडलं.